लाल पंजे, लाल बादली: हळदीनंतरच्या सफाईच्या नोंदी

काम: इंदूरच्या रामबाग भागातल्या एका जुन्या मंगल कार्यालयाची, हळदीच्या कार्यक्रमानंतरची पूर्ण सफाई.
जागा: चौकात कोटा फरशी, जोड नुकतेच सिमेंटने भरलेले. व्यासपीठाला पांढरा संगमरवर. हात धुण्याची जागा आणि स्वयंपाकघरात व्हिट्रिफाइड टाइल्स. मागच्या बोळातल्या भिंतीला चार दिवसांपूर्वी चुना दिलेला, आतून अजून ओला.
कापड आणि लाकूड: सुती पांढऱ्या चादरी ४०, टेबलक्लॉथ २४, पाट आणि चौरंग.
पुढचं बुकिंग: १९ फेब्रुवारी.

६ फेब्रुवारी, रात्री ११

हळद दीड किलो आली होती, तेलात कालवलेली. विधीला पाव किलो पुरते, बाकीचा सगळा खेळ असतो. उष्टी हळद नवरीला लागेपर्यंत निम्मी चौकाला लागली होती. न्हाणाचं पाणी चौकातूनच वाहून गेलं आणि हळद फरशीच्या जोडांत उतरली.

रात्री फक्त कोरडं काम. मऊ झाडूने कोरडी भुकटी आधी गोळा करायची, पाणी अजिबात नाही. ओलं फडकं आधी फिरवलं तर एक डाग दहा जागी जातो. तेलकट जागांवर लाकडाचा बारीक भुसा टाकून रात्रभर ठेवला. व्यासपीठावर भुसा टाकलेला नाही, कारण ओल्या भुशाचा स्वतःचाच पिवळट डाग संगमरवरावर उतरतो. तिथे टिपकागद.

स्वयंपाकघराकडच्या माणसांनी मात्र जाता जाता आपल्या पद्धतीने, बादलीभर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून, हात धुण्याची जागा पुसून घेतली. ती बादली तशीच ठेवून ते गेले.

७ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

वॉचमनचा व्यवस्थापकांना फोन: “साहब, पहले पुलिस को बुलाऊँ या आप आ रहे हो?”

पाहणीत आढळलं ते असं. बोळाच्या भिंतीवर सात पंजे, गडद लाल, दोघांच्या बोटांचे ओघळ खालपर्यंत आलेले. पाच मोठे, दोन लहान मुलांचे. चौकात फरशीच्या जोडाजोडांतून लाल रेघांची जाळी. बेसिनच्या कडेला साबणाच्या वडीभोवती लाल कडं. आणि कोपऱ्यात लाल पाण्याची बादली, तिच्यात पोछा बुडवलेला. रात्री निघताना यातलं काहीच लाल दिसलं नव्हतं.

व्यवस्थापकांनी वधूपक्षाला फोन करून सगळी माणसं जागेवर आहेत का ते मोजायला लावलं. एक कमी भरला, नवरदेवाचा मामा. पंधरा मिनिटं चांगलीच ताणाची गेली. मामा राजवाडा चौकात पोहे-जिलबी खात सापडले. दुसरी शंका पाण्याच्या टाकीवर आली, म्हणून टाकीचं झाकण उघडलं. पाणी स्वच्छ.

७ फेब्रुवारी, सकाळी ७.३०. तपासणी

सामान: स्टीलच्या चार वाट्या, एक लिंबू, चिमूटभर धुण्याचा सोडा, थोडी कोरडी हळद.

पहिली वाटी: नळाचं पाणी आणि हळद. पिवळंच राहिलं. पिण्याच्या पाण्याचा पीएच (आम्ल-क्षार मोजायचा आकडा, सातच्या खाली आम्ल, वर क्षार) भारतीय मानकानुसार ६.५ ते ८.५ असावा लागतो, आणि हळद लाल व्हायला साधारण साडेआठच्या वर जावं लागतं. म्हणजे नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यावर संशय नको.

दुसरी: तेच पाणी, तीच हळद, वर सोडा. क्षणात लाल.

तिसरी: बादलीतलं लाल पाणी दोन चमचे, त्यात लिंबाचे थेंब. पिवळं. परत सोडा टाकला, परत लाल. रंग असा मागे-पुढे होतो तो हळदीचा. रक्ताचं असं होत नाही, ते आंबटात तपकिरी-काळपट पडतं आणि सोड्याने पुन्हा लाल होत नाही.

चौथी: भिंतीवरचा एक पंजा नखाएवढा खरवडून वाटीत घेतला आणि त्यावर लिंबू पिळलं. पिवळं झालंच, पण फसफसलंही, आणि बघणारे दोन पावलं मागे सरले. फसफस चुन्याची आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि आम्ल पडलं की तो वायू सोडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून फेस येतो का, ही रक्ताची घरगुती परीक्षा बऱ्याच जणांना ठाऊक असते, त्यामुळे फेस दिसला की गोंधळ होतो. तसा तो फेस बटाट्याच्या सालीवरही येतो, तेव्हा त्या परीक्षेवर एकट्याने विसंबू नये.

लिंबाची परीक्षा नेहमी वाटीत करायची. फरशीवर लिंबू पिळायचं नाही: संगमरवर आणि कोटा दोन्ही चुनखडीचे दगड, आम्लाने चकाकी जाते आणि तो पांढरट चट्टा पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही. आणि जिथे ब्लीच टाकलेलं असेल तिथे लिंबू, व्हिनेगर, संडास धुण्याचं ॲसिड यातलं काहीच नाही. क्लोरीन वायू सुटतो. या सगळ्या प्रकरणात खरोखर भिण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, एक ही आणि दुसरी डोळ्यात जाणारा चुना.

७ फेब्रुवारी, दुपार. लाल का झालं

हळदीतलं कर्क्युमिन हा रंग आम्लात पिवळा आणि क्षारात तांबडा. पूर्वी प्रयोगशाळेत क्षार ओळखायला हळदीचा कागद वापरत, तो याच कारणाने. चारही ठिकाणी क्षार वेगवेगळा होता:

भिंतीत ओला चुना, पीएच बाराच्या वर. सर्वांत गडद रंग तिथेच.
जोडांत नवं सिमेंट, तेही बारा-तेरा. म्हणून फरशी पिवळी आणि तिच्यामधल्या रेघा तेवढ्या लाल.
बेसिनला साबणाची वडी, नऊ-दहा. हात धुण्याच्या बहुतेक द्रव साबणांचा पीएच त्यापेक्षा कमी असतो, त्यांनी हळद सहसा लाल होत नाही.
बादलीत धुण्याचा सोडा, अकराच्या आसपास.

हळदीत चुना घालून केलेलं कुंकू याच न्यायाने लाल असतं आणि लिंबाने तेही पिवळं पडतं. रंग घातलेलं बाजारचं कुंकू आणि गुलाल पडत नाहीत. पुढे कुणी डाग ओळखायला बसलं तर हा फरक लक्षात असावा.

बादलीतलं लाल पाणी मागच्या गल्लीत ओतायला काढलं होतं, ते थांबवलं. धोका म्हणून नव्हे. इंदूरला २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून प्रमाणपत्र मिळालं, ते कान्ह आणि सरस्वती नद्यांत जाणारं घरगुती सांडपाणी अडवल्यावर. इथे गल्लीतून लाल पाणी वाहिलं की पाच मिनिटांत फोटो आणि दहाव्या मिनिटाला निरीक्षक. पाणी आतल्या ड्रेनेजच्या मोरीत ओतलं.

८ फेब्रुवारी. टाइल्स आणि चौक

टाइल्सचं काम सोपं. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड, लिटरला ५ मिली, पोछा पिळून. सोडा नाही, फिनाइल नाही. राहिलेल्या पिवळ्या छटेवर ७० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर कापसावर घेऊन टिपलं, कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही पण अल्कोहोलमध्ये विरघळतं. कापूस दर वेळी नवा. तोच कापूस फिरवला तर डाग फक्त जागा बदलतो.

कोट्यावरचा भुसा उचलला. तो तेलकट, त्यामुळे मोरीत नाही, पोत्यात भरून वेगळा. खाली तेलाचे काळपट डाग राहिलेत. त्यांवर मुलतानी मातीचा घट्ट लेप लावला, वाळू दिला, प्लास्टिकच्या पट्टीने काढला. दोन वेळा लागला. ही माती फक्त कोट्यावर चालते. पांढऱ्या संगमरवरावर नको, तिच्यातलं लोह उलट डाग देतं.

जोडांतल्या लाल रेघा: दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि त्याच लिक्विडने घासून, मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेल्या कापसाच्या वाती रेघेवर ठेवून वरून प्लास्टिक, दोन तास. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असेल तर ते सुमारे ६ टक्के, त्यात तेवढंच पाणी घालायचं. मुलतानीचा कण राहिलेल्या जागी पेरॉक्साइड नाही, लोहाने ते लगेच फसफसून वाया जातं. सिमेंटच्या क्षाराचा इथे फायदाच होतो, क्षारात पेरॉक्साइड जोरात काम करतं. चौकाच्या मधल्या भागातल्या रेघा पहिल्याच फेरीत राखाडी झाल्या. न्हाणाच्या जागेजवळच्या अजून गुलाबी आहेत.

९ ते ११ फेब्रुवारी. चादरी

धोब्याचा फोन: चादरी दिल्या तेव्हा पिवळ्या होत्या, हौदात टाकल्यावर लाल झाल्या, आमच्यावर घालू नका. त्यांना सांगितलं की लाल होणारच होत्या, तुम्ही फक्त इस्त्री करू नका. इस्त्रीच्या उष्णतेने तेल आणि रंग दोन्ही धाग्यात बसतात, मग पुढचं सगळं अवघड.

वीस चादरी धोब्याकडे साबणात गेलेल्या, वीस इथेच, न धुतलेल्या. इथल्या वीसवर हा क्रम:

आधी गच्चीवर कोरड्या झटकल्या. मग गार पाण्यात भांड्यांचं लिक्विड, तेल सोडवायला, अर्धा तास. पिळून काढल्या. मग ४५ अंशाच्या आसपासच्या पाण्यात ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, लिटरला १० ग्रॅम. हे स्वतः क्षारीय, त्यामुळे चादर आत जाताच लालभडक होते आणि ज्याला माहीत नाही तो तिथेच हात आखडता घेतो. थांबायचं. तासाभरात नारिंगी, तीन तासांत फिकट. रंग तुटतोय तो पेरॉक्साइडने. पाणी थंड झालं तर काम रेंगाळतं, म्हणून टबावर झाकण.

मग खळबळून ओल्याच गच्चीवर, दहा ते चार, दुपारी एकदा उलटून. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. फेब्रुवारीचं इंदुरी ऊन पुरतं. उरलेला फिका पिवळा दुसऱ्या दिवशीच्या उन्हात गेला. पावसाळ्यात ही हळद असती तर हा भाग इतका स्वस्तात झाला नसता.

एकाने सुचवलं की लाल चादरी लिंबाच्या पाण्यातून काढाव्यात, एका बादलीत पिवळ्या होतील. होतील. पण पिवळी झाली म्हणजे हळद गेली असं नाही, ती फक्त लपली. पुढच्या धुण्यात, पाहुण्यांच्या देखत, पुन्हा लाल.

पैठणी, शालू यांना यातलं काहीच लावायचं नाही. हळद हा कापडाचा पक्का नसला तरी सरळ चढणारा रंग आहे, आणि रेशमावर तो फार चटकन चढतो. सोडा आणि ब्लीच रेशमाचा धागाच खातात. कोरडी झटकून सरळ ड्रायक्लीनला, डाग हळदीचा आहे हे सांगून.

१० फेब्रुवारी. हळदीच्या पट्ट्या

धोब्याच्या वीस चादरी परत आल्या, धुवून वाळलेल्या, पण तांबूस छटा कायम. छटा कायम म्हणजे साबण कायम. खळबळणं अपुरं झालंय. लाल रंगाचा हा उपयोग कुणी करत नाही, आणि तो करण्यासारखा आहे.

पट्टी करायची रीत: चमचाभर हळद ५० मिली स्पिरिटमध्ये ढवळून तासभर ठेवायची. वरचा स्वच्छ पिवळा द्रव वेगळा काढायचा. टिपकागदाच्या बोटभर पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवायच्या, डबीत बंद ठेवायच्या. धुतलेलं कापड पिळून शेवटचे थेंब पट्टीवर पाडायचे. पट्टी तांबूस झाली तर साबण किंवा सोडा अजून आत आहे, पिवळी राहिली तर खळबळणं पुरं. मशीनच्या शेवटच्या पाण्यालाही लागू. धोब्याला दहा पट्ट्या दिल्या. त्यांनी आपल्याच पांढऱ्या शर्टावर लावून बघितली आणि ती लाल झाली.

१० ते १२ फेब्रुवारी. संगमरवर

सर्वांत रेंगाळलेलं काम. व्यासपीठाच्या दोन पायऱ्यांवर तळहाताएवढे डाग, तेलासकट आत मुरलेले. घासून उपयोग नाही, डाग पृष्ठभागाच्या खाली आहे. तो लेपाने वर ओढावा लागतो.

आधी स्पिरिटने टिपून वरचं तेल काढलं. मग व्हायटिंग पावडर (खडूची बारीक पांढरी भुकटी) १०० ग्रॅम, ३ टक्के पेरॉक्साइड ४० ते ५० मिली, घोटून श्रीखंडाइतकं घट्ट. पातळ झालं तर डाग बाहेर येण्याऐवजी पसरतो. डागाच्या बाहेर दोन सेंटिमीटर जाईल असा ६ ते ८ मिलिमीटर जाड थर. वर प्लास्टिक, कडा टेपने बंद, २४ तास. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यायचा. हा टप्पा गाळला तर सगळं फुकट, कारण ओल बाहेर जाताना रंग घेऊन जाते. लेप लाकडी पट्टीने उचलायचा, पत्र्याने नाही. आधी पायरीच्या मागच्या बाजूला छोटा नमुना करून बघितला होता.

खालची पायरी एका लेपात साफ. वरचीला दुसरा लावला आहे. व्यवस्थापकांना घाई आहे आणि ते दोनदा प्लास्टिक उचलून बघून गेले.

१३ फेब्रुवारी. टेबलक्लॉथ

सकाळच्या नाश्त्याचे पोहे, शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला). पोह्यात हळद, जीरावनातही हळद, त्यामुळे २४ पैकी बहुतेकांवर पिवळे ठिपके. कृती चादरींचीच.

चार कापडं वेगळी निघाली: डाग गुलाबी होते आणि तीव्र सोड्यात पिवळट झाले. ते बीट, जेवणातल्या कोशिंबिरीचं. बीटचा रंग हळदीच्या उलट वागतो. त्याला सोडा नको, गार पाण्यात लगेच धुतलं तर बरंचसं निघतं. ही शिळी होती, ऑक्सिजन ब्लीचमध्ये गेली.

क्लोरीनचं ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कापडासाठी मागे ठेवलेलं: ४-५ टक्क्यांचं असेल तर लिटरला १० मिली, दहा-पंधरा मिनिटं, मग भरपूर पाणी. साटीनच्या खुर्चीकव्हरांना नाही. गरज पडली नाही.

१४ फेब्रुवारी. भिंत

पंज्यांना मुद्दाम आठवडाभर हात लावला नव्हता. ओल्या फडक्याने पुसलं असतं तर पंज्याऐवजी अख्खी गुलाबी भिंत मिळाली असती. एवढ्या दिवसांत रंग विटकरी झाला: चुना हवेने मुरत जातो तसा पृष्ठभागाचा क्षार उतरतो, आणि क्षारात कर्क्युमिन स्वतःही तुटत जातं.

आज ते सात भाग खरवडले. चुन्याचा थर पातळच असतो, रुंद खरवडणीने सहज सुटतो. चष्मा आणि मास्क घालूनच, कारण चुन्याची भुकटी डोळ्याला भाजते. गेलीच तर साध्या पाण्याने सलग पंधरा मिनिटं डोळा धुवून दवाखाना.

खरवडलेल्या जागी भिजवलेला चुना एक भाग, पाणी अडीच भाग, गाळून, त्यात विरघळवलेला डिंक थोडा. पातळ हात. अर्ध्या तासात दोन जागी गुलाबी छटा वर आली आणि वॉचमननी फोन हातात घेतला. खाली उरलेली हळद ताज्या चुन्याच्या क्षाराने पुन्हा जागी झाली, इतकंच. त्यावर लगेच दुसरा हात दिला तर तोही गुलाबी होतो. तीन दिवस सोडून द्यायचं.

१७ फेब्रुवारी

भिंत पांढरी. दुसरा हात दिला, तो पांढराच राहिला.

रात्री दिवे घालवून पाहणी केली, नोटा तपासायच्या यंत्रातल्या जांभळ्या दिव्याखाली. तेलात मुरलेली हळद त्या प्रकाशात पिवळी-हिरवी झळकते. चादरी निळसर-पांढऱ्या दिसतात, ती पावडरीतल्या चमक आणणाऱ्या रसायनाची कमाल, डाग नव्हे. वरची पायरी साफ. न्हाणाच्या जागेजवळच्या तीन जोडांत अजून झळक आहे, पेरॉक्साइडच्या वाती पुन्हा ठेवल्या. बेसिनच्या नळाच्या मुठीखाली हळद सापडली, तिथे कुणी बघतच नाही.

पाट आणि चौरंग बाकी आहेत. त्यांना लाखेचं पॉलिश आहे आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझर नाही. ओलसर फडकं आणि रोज दोन तास कोवळं ऊन. जास्त उन्हात फळ्या तडकतात.

१८ फेब्रुवारी. उद्याच्या हळदीची तयारी

चौकात ३ मीटर बाय ३ मीटर जाड प्लास्टिक, त्यावर जुनी सुती चादर, कडांना विटा. नुसतं प्लास्टिक नाही, तेलाने पाय घसरतात. न्हाण चौकात नाही, मोरीशेजारी.

बेसिनवरून साबणाची वडी काढली, द्रव साबण ठेवला. धुण्याचा सोडा आणि ब्लीच कुलपात, किल्ली व्यवस्थापकांकडे. बोळाच्या तोंडाशी दोरी आणि हात पुसायला जुन्या पंच्यांचा गठ्ठा. पाटी लावली: “हळदीचे हात भिंतीला पुसू नयेत.” वधूपक्षाच्या एका मावशींनी ती वाचून विचारलं, पुसले तर काय होतं? वॉचमननी त्यांना मोबाइलमधला फोटो दाखवला.

यजमानांनी दोन किलो हळद सांगितली आहे. अर्धा किलो पुरेल असं कळवलं. ऐकतील असं वाटत नाही, भुशाचं पोतं भरून ठेवलं आहे.